हशासाठी ठेवलेली जागा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने एक खाकरणं पुसायला घेतलं. कामच ते. जुन्या टेप पेटीतून काढायच्या, संगणकात उतरवायच्या, आणि पडद्यावर आवाजाची जी हिरवी-पिवळी चटई उलगडते तिच्यावरचे डाग एकेक करून काढायचे: टिकटिक, खरखर, खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज, कुणाच्या तरी खिशातली किल्ली. बावीस वर्षं ती हे करत होती. घरी आई तिला आवाजांची धोबीण म्हणायची, आणि कुणी पाहुण्याने मुलगी काय करते असं विचारलं तर अगदी गंभीरपणे सांगायची, ‘धुणं धुते, पण कपड्यांचं नाही.’ पेटीवरचं लेबल आधी वाचायचं नाही ही तिची सवय होती. नाव कळलं की कान आदराने वागू लागतो, आणि आदर करणाऱ्या कानाकडून डाग सुटतात. त्यामुळे काम क्रमांक ४१७ म्हणजे चार पट्ट्यांवर केलेलं गाण्यांचं मुद्रण, पहिल्या पट्टीवर वाद्यवृंद आणि उरलेल्या तिन्हींवर गाणारे, एवढंच तिला ठाऊक होतं. तिसऱ्या गाण्याच्या आधी, तिसऱ्या पट्टीवर, एक बाई घसा खाकरत होती. आधी एक छोटं, मग एक लांब. तिने त्याभोवती चौकोन काढला, पुसण्याच्या बटणावर बोट नेलं, आणि बोट तिथेच राहिलं.

तिने परत ऐकलं. छोटं, मग लांब. दाराची साखळी आधी चाचपून पाहावी आणि मग काढावी तसं. फोन उचलण्यापूर्वी आई असं करते. शाळेत असताना गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलींमधून हिला हाक मारायची, तेव्हाही आधी हे यायचं, आणि ही हाक ऐकायच्या आधीच निघालेली असायची. बाबा गेले त्या दुपारी इस्पितळाच्या जिन्यात आई दोन पायऱ्या वर उभी होती. तिने घसा खाकरला, आधी छोटं, मग लांब, आणि पुढचं वाक्य बोलायची गरजच पडली नाही. तिने हेडफोन काढून ठेवले आणि पेटी उलटी करून लेबल वाचलं. मूळ नटसंच. पंचावन्न वर्षांपूर्वीची तारीख. खाली टाइप केलेली अकरा नावं, आणि आठवं नाव आईचं, लग्नाआधीचं, जे तिने आजवर फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पाहिलं होतं. नावापुढे भूमिका: धाकटी बहीण.

ही ध्वनिमुद्रिका जगात आहे हे तिला माहीत होतं. नाटकाच्या नादी लागलेल्या कुठल्याही घरात ती असायचीच; पाकिटावर पोस्टाचा लाल डबा आणि त्यावर बसलेल्या तीन मुली. एका आडगावच्या पोस्टातल्या तीन बहिणींची संगीतिका. कुणीच घेऊन न गेलेली पत्रं त्या तिघी शेवटी स्वतःच घरोघर पोचवतात, एवढीच गोष्ट. तिच्या घरात मात्र ते पाकीट नव्हतं. आणू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. ते नव्हतं इतकंच, जसा काही घरांत एखाद्या माणसाचा फोटो नसतो. आई अकरा महिने त्या संगीतिकेत होती, मग ती बंद झाली, मग आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि सत्तावीस वर्षं परक्या माणसांना एकमेकांशी जोडून देत राहिली. घरात ती गुणगुणतही नसे. सहावीत असताना हिने एकदा विचारलं होतं, तू गात का नाहीस. आई इस्त्री करत होती. ‘मला थांबता येत नाही म्हणे,’ ती म्हणाली. ‘पेपरात छापून आलंय.’ आणि बाहीवरची सुरकुती काढायला लागली. पुढे कधीतरी मावशीने ते कात्रण शब्दशः म्हणून दाखवलं, इतकं ते घरात पाठ झालेलं होतं: तिसऱ्या गाण्यात धाकट्या बहिणीला फार घाई झालेली दिसते, इतरांना जे मोजता येतं ते तिलाही शिकवावं. मुद्रिकेच्या परीक्षणातल्या दोनच ओळी. लिहिणाऱ्याने त्या संध्याकाळच्या घाईत खरडल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेला असेल.

दुपारी विभागप्रमुख आला. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता, सभ्य होता, आणि प्रत्येक गोष्ट सेकंदांत सांगायचा. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला मोजपट्टी म्हणत, आणि बहुधा त्याला ते माहीत होतं. ‘मॅडम, चारशे सतरा शुक्रवारी पाहिजे. आणि तिसऱ्या गाण्यात एक चूक आहे, तेवढी काढून टाका. पोस्टमास्तरच्या वाक्यानंतर चार मात्रा मोकळ्या आहेत, छापील स्वरलिपीत स्वच्छ आहे. ती धाकटी दीड मात्रेतच घुसते.’

‘पंचावन्न वर्षं तशीच विकली गेली ना पण?’

‘पंचावन्न वर्षं तुम्ही नव्हतात,’ तो हसून म्हणाला. हा विनोद होता हे तिच्या लक्षात यायला तो दारापर्यंत पोचावा लागला. तिचं हे लहानपणापासूनचं. आई म्हणायची, घुमे, तुझं हसू पोस्टाने येतं.

घुमी हे तिचं घरातलं नाव. आई आणि ती शेजारी शेजारी ठेवल्या तर घाई आणि उशीर असे दोन शब्दच शेजारी ठेवल्यासारखं दिसायचं. आईला कुणाचं वाक्य संपेपर्यंत धीर नसे, आणि हिला दुसऱ्याचं वाक्य संपल्यावरही खात्री वाटत नसे की ते संपलं. एकविसाव्या वर्षी नकाशे काढणाऱ्या एका मुलाने बसस्टॉपवर तिला काहीतरी विचारलं होतं. तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली, ती काही बोलेल म्हणून तो थांबला, आणि मग बस आली. त्या थांबण्याची लांबी तिने पुढे कितीदा तरी मनात मोजली होती. सहा-सात सेकंद असतील. आता पडद्यावर ती आईची दीड मात्रा पाहत होती. पोस्टमास्तरचं वाक्य चौथ्या पट्टीवर: एका पाकिटाचं वजन करून तो म्हणतो, ‘बायकोचं पत्र आहे. वजन जास्त भरलं. रागाने लिहिलेलं दिसतंय.’ मग पोकळी. आणि त्या पोकळीत, छापील जागेच्या अडीच मात्रा आधी, तिसऱ्या पट्टीवर तेवीस वर्षांच्या आईचा आवाज एकदम उभा राहतो: ‘दार उघडा, कुणाचं पत्र आलंय.’ तिने आवाजाकडे फक्त आकार म्हणून पाहायचं ठरवलं, आणि चार-पाच वेळा ते जमलंही. सहाव्यांदा जमलं नाही. आवाज पातळ होता, किनारीला थोडा दमलेला, आणि इतका निःशंक की तिला आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं. ही बाई तिने कधी पाहिली नव्हती. हिने इस्त्री केली नव्हती, एक्स्चेंजमध्ये कानाला पट्टा लावून बसली नव्हती, हिला अजून कुणी थांबायला शिकवलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत तिने चूक काढली. सोपं नव्हतं ते. आई आधी आली तेव्हा सगळा वाद्यवृंदही तिच्यामागे पुढे सरकला होता, त्यामुळे नुसता तिचा आवाज उचलून मागे नेणं चालणार नव्हतं. तिथे गाणं कापून अडीच मात्रांची शांतता भरावी लागणार होती. शांतताही कुठलीही चालत नाही. प्रत्येक खोलीची आपली असते. त्याच दिवसाची, त्याच खोलीची, कुणी श्वास न घेतलेली शांतता शोधत ती टेपच्या शेवटापर्यंत गेली, आणि चौथ्या गाण्यानंतर तिला ती सापडली, जेमतेम तीन सेकंद. ती तिने कापून आणली आणि जोडाच्या दोन्ही कडा इतक्या बारीक विरवल्या की स्वतःलाही त्या सापडेनात. पोस्टमास्तरच्या पट्टीवर वाक्यानंतर कसलातरी धुरकट आवाज होता, कपडा घासल्यासारखा. जोडात तो अडथळा करत होता, तोही पुसला. मग सगळं सलग ऐकलं. वाक्य. एक, दोन, तीन, चार. ‘दार उघडा.’ घड्याळासारखं. तिला वाटलं, इतक्या वर्षांत आईला देण्यासारखं काही आपल्या हाती लागलं असेल तर ते हे. पंचावन्न वर्षांनी का होईना, ते कात्रण खोटं पडलं. बसमध्ये ती खिशातल्या छोट्या पेनड्राइव्हवर हात ठेवून बसली, आणि बसस्टॉपवरचा तो मुलगा तिला उगाच आठवला नाही, कारणाने आठवला. अशीच एखादी शांतता तिथून कापून काढता आली असती तर, असा विचार तिच्या मनात आला.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तिने खोलीतले दोन्ही स्पीकर टेबलावर ठेवले. आई खुर्चीत मोज्याला रफू करत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची आणि ओवला की घरातल्या हजर माणसाकडे विजयाने बघायची.

‘काय लावतेस?’

‘तुझं आहे,’ ती म्हणाली. ‘पोस्टाचं. तिसरं गाणं.’

आईची सुई थांबली. ‘कुणी आणायला सांगितलं तुला?’

‘कामावर आलं होतं. आई, एकदा ऐक. मी ते नीट केलंय.’

‘नीट म्हणजे?’

‘ऐक तर.’

आईने मोजा मांडीवर ठेवला. सुई त्यातच टोचलेली राहिली. बहिणींचं कडवं झालं, वाद्यं खाली आली, पोस्टमास्तरचं वाक्य आलं. त्या आवाजासरशी आईचा चेहरा असा हलला की हिला बाजूला बघावंसं वाटलं. मग चार मात्रा. मग स्वच्छ, वेळेवर, ‘दार उघडा’. गाणं पुढे गेलं. ती आईकडे पाहत राहिली. इतके दिवस तिने या क्षणाला निरनिराळे चेहरे लावून पाहिले होते. रडणारा, लाजणारा, ‘बाई गं’ म्हणणारा. समोरचा चेहरा त्यातला नव्हता. तो चिडलेला होता.

‘बंद कर,’ आई म्हणाली. ‘ही मी नाही.’

‘तूच आहेस. आवाज तुझाच आहे, फक्त जागा—’

‘मी त्याला एवढा वेळ तसं उभं ठेवीन? माणूस आहे का दगड?’

‘कुणाला?’

‘त्याला! पोस्टमास्तरला.’ आईने मोजा उचलला, परत ठेवला. ‘केवढी ती शांतता घातलीस, घुमे. ऐकवत नाही. कुठून आणलीस?’

‘चौथ्या गाण्याच्या शेवटून,’ ती ओशाळून म्हणाली, जणू चोरीचा माल कुठल्या दुकानातला ते सांगत होती.

आईने घसा खाकरला. छोटं, मग लांब. ‘सहा आठवडे आम्ही रोज तो प्रवेश करत होतो. त्या वाक्याला रोज हशा यायचा. रोज. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत यायचा. तो संपत आला की मी गायची. मुद्रणाच्या दिवशी संचालक म्हणाले, घरी ऐकणाऱ्यालाही हसायला वेळ पाहिजे, चार मोकळ्या सोडा. सगळ्यांनी कागदावर लिहून घेतलं. मीही लिहिलं. मला मोजता येत होतं.’ हे शेवटचं वाक्य ती त्या कात्रणाला उद्देशून बोलली. ‘पण ती खोली कशी, भिंतींना सगळा कापूस. तो माझ्या समोर, दुसऱ्या माईकपाशी. साठीचा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा मुद्रण करत होता तो. बोलला ते वाक्य. नेहमीसारखं, छान. आणि काहीच नाही. सगळे आपापल्या कागदात बघताहेत, एक दोन मोजताहेत. त्याने वर बघितलं. हशाची सवय असलेला माणूस कसा बघतो माहितेय? जिन्याची शेवटची पायरी नसावी तसा.’

बोलण्याची जागा आहे की नाही हे नेहमीप्रमाणे तिला कळलं नाही.

‘आमच्यात एक होतं,’ आई म्हणाली. ‘एखाद्याचा विनोद पडला, तर पुढच्याने लगेच उचलायचं. श्वासही घ्यायचा नाही. प्रेक्षकांना कळताच कामा नये की काही पडलं होतं. तालमीच्या पहिल्या आठवड्यात शिकवायचे हे, उभं कसं राहायचं त्याच्याही आधी. मी त्याचं तोंड बघितलं आणि उचललं. तिथे प्रेक्षक नाहीत हे माझ्या डोक्यातच नव्हतं.’

‘मग सांगितलं का नाहीस कुणाला? पेपरात आलं तेव्हा तरी?’

‘काय सांगू? की त्याचा विनोद पडला म्हणून मी धावले? म्हणजे मी उचललेलं परत खाली टाकू?’ आईने दोरा दातांनी तोडला. ‘पुढे नाटक बंद होईपर्यंत तो माझ्याशी जरा जपूनच वागायचा. दया केलेली कळली असणार त्याला. कळतेच. ते मला त्या पेपरवाल्यापेक्षा जास्त लागलं. आता तो जाऊन तीस वर्षं झाली. सांगायला हरकत नाही.’

ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. पाणी भांड्यात पडत होतं आणि तिच्या डोळ्यांसमोर जेवणाचं जुनं टेबल होतं, खिडकीकडच्या खुर्चीत बाबा. बाबा भूमिती शिकवायचे आणि वाईट विनोद करायचे. दोन समांतर रेषा लग्नाला जातात वगैरे. विनोद संपला रे संपला की आई म्हणायची, ‘पाणी हवंय का कुणाला?’ किंवा ‘खिडकी लावली का रे कुणी?’ इतकी तडकाफडकी की हिला बाबांची कीव यायची. चांगली चौदा-पंधरा वर्षं तिने आईला त्यासाठी मनातल्या मनात दोषी धरलं होतं. बाई कशी ती, नवऱ्याला एक वाक्य धड संपवू देत नाही. आणि बाबा पाण्याचा पेला घेताना हसत असायचे, हे तिने पाहिलं होतं, पाहून बाजूला ठेवलं होतं, अर्थ न लावता येणारा आवाज ठेवावा तसं. भांडं भरून वाहू लागलं होतं. तिने नळ बंद केला.

शुक्रवारी ती साडेआठला कामावर पोचली. दिवे तिनेच लावले. तिने मूळ टेप पुन्हा उतरवून घेतली, अगदी कोरी, एकही डाग न काढलेली, आणि तिसरं गाणं चारी पट्ट्या वेगळ्या करून ऐकायला बसली. आधी वाद्यवृंद. सव्वीस माणसं चार मात्रा मोजत बसली आहेत, आणि दीड मात्रेवर, त्यांच्या माईकमध्ये लांबून ऐकू येणारी, ती मुलगी गायला लागते. बुधवारी हे सगळं तिने चूक म्हणून ऐकलं होतं. आता तिने त्यापुढची अडीच सेकंदं ऐकली. संचालकाची छडी स्टँडवर दोनदा पटापट वाजते. कुणाची तरी पेन्सिल पडते आणि गडगडत जाते. एक व्हायोलिन, एकटंच, अर्ध्या स्वरातून उडी मारून येतं. त्यामागे आणखी चार. मग सेलो, बासऱ्या, आणि ‘पत्र’ या शब्दापर्यंत सगळे. सगळे तिच्यापाशी. चुकलं म्हणून कुणी थांबलं नव्हतं, कुणी आपल्या कागदाला धरून मागे राहिलं नव्हतं. फाटकातून बाहेर पळालेल्या पोरीमागे सगळी गल्ली धावावी तसे सव्वीसजण उठून तिच्याकडे निघाले होते. हे पेपरवाल्याने ऐकलं नव्हतं. आईनेही ऐकलं नव्हतं, कारण ती तेव्हा गात होती, आणि नंतर ती मुद्रिका तिने कधी घरात येऊ दिली नाही.

मग चौथी पट्टी, पोस्टमास्तरची. वाक्य. पोकळी. आणि तो कपडा घासल्यासारखा धुरकट आवाज, बुधवारी पुसलेला. बाजारात गेलेल्या मुद्रिकेवर तो नसणारच. त्या काळी मुद्रण करणाऱ्याने वाक्य संपताच त्या माईकची कळ खाली ओढली असणार. पण टेपवर तो होता. तिने पडदा मोठा केला, आणखी मोठा केला. तो आवाज आईच्या ‘दार’ या शब्दानंतर लगेच सुरू होत होता. कपडा असा घासत नाही. खाली एक खोल उच्छ्वास होता, त्यावर तीन लहान उसळ्या, एकापाठोपाठ एक, शेवटची दाबलेली. तिने हेडफोन कानांवर घट्ट धरले आणि डोळे मिटले. साठीचा एक माणूस, हाताने तोंड झाकून, आवाज होऊ नये म्हणून अंग आवळून, हसत होता. त्याच्या विनोदावर दुसऱ्या कुणाला हसू आलं नव्हतं. ते येऊन त्यालाच सापडलं होतं. दया कळलेला माणूस असा हसत नाही. सुटका झालेला हसतो. तिला स्वतःच्या बोटांचा राग आला, मग भीती वाटली. बावीस वर्षांत असे किती धुरकट आवाज तिने पुसले असतील? ती यादी करता येणारी नव्हती. ती खुर्चीत मागे रेलली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक माणूस काच पुसत होता, वरून खाली, वरून खाली, आणि प्रत्येक वेळी जरा मागे होऊन काय दिसतं ते बघत होता.

मोजपट्टी अकराला आला. ‘झालं ना चारशे सतरा?’

‘झालं. तिसरं गाणं होतं तसं ठेवलंय.’

‘मॅडम, आपलं बोलणं झालं होतं.’

तिने त्याच्या पुढ्यात हेडफोन ठेवले. तो उभ्यानेच ऐकू लागला, उजव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. दीड मात्रेवर ती अडखळली. त्याने परत लावलं. तिसऱ्यांदा बोटं हललीच नाहीत.

‘ही बाई मोजतच नाहीये,’ तो म्हणाला.

‘नाही. ती बघतेय.’ आणि पुढचं वाक्य यायला नेहमी लागतो तो वेळ न घेता ती म्हणाली, ‘समोरचा माणूस पडताना बघितलाय तिने. नीट करायचं असेल तर दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या हातून होणार नाही. ती माझी आई आहे.’

त्याच्या चेहऱ्यावरून बरेच आकडे आले आणि गेले. ‘आधी सांगायचं ना,’ तो शेवटी म्हणाला. मग जाता जाता वळून, ‘त्या माणसाचं हसू ठेवलंय का?’

‘ठेवलंय. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही.’

‘तीन सेकंदं?’

‘एक पूर्णांक आठ.’

‘ठेवा,’ तो म्हणाला. ‘आणि ते खाकरणंही राहू दे. पाऊण सेकंदच आहे.’

रविवारी सकाळी खोलीत ऊन होतं. आईने डोकं नुकतंच धुतलं होतं आणि ती पाठीवर टॉवेल टाकून उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची सरकवत होती. पट्टा हलला की खुर्ची हलवायची, असं तिचं रविवारचं काम असे. ‘पुन्हा तेच लावणार असशील तर मी खाली फिरायला जाते,’ ती म्हणाली.

‘तेच नाही. तुझं आहे. खरं.’ तिने आईच्या ओल्या केसांवर हेडफोन ठेवले, आणि कान सापडेपर्यंत ते नीट बसवले. आईचं डोकं तिच्या तळहातांत केवढंसं होतं. ‘तुझ्या पहिल्या शब्दानंतर डाव्या बाजूला ऐक. गाण्याकडे लक्ष देऊ नकोस.’

तिला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. ती आईच्या चेहऱ्यावर गाणं पाहत होती. इथे बहिणी. इथे वाद्यं खाली आली. इथे तो बोलला. आणि इथे. आईचे डोळे डावीकडे वळले, जणू तो माणूस तिथे खिडकीपाशी उभा होता. मग तिने हेडफोन काढून मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘हसला होता होय रे?’

हे ती मुलीला विचारत नव्हती.

‘आणि बाकीचे बघ कसे आले धावत,’ ती पुढे म्हणाली. ‘मेल्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही कधी.’ टॉवेलने तिने तोंड पुसलं, केस पुसावेत तसं, खसाखसा. ‘मोठ्याने लाव. स्पीकरवर. आपण दोघी ऐकू.’

तिने लावलं. खोली गाण्याने भरली. आईचं खाकरणं आलं तेव्हा खुर्चीतली आई चपापली, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बहिणींचं कडवं झालं. वाद्यं खाली आली. पोस्टमास्तरने पाकीट वजनाला टाकलं. ‘बायकोचं पत्र आहे. वजन जास्त भरलं. रागाने लिहिलेलं दिसतंय.’

हे वाक्य तिने या आठवड्यात शंभरदा ऐकलं असेल. तरंग म्हणून, पट्टी म्हणून, मात्रा म्हणून. आत्ता, ऊन पायांवर असताना, कुणीतरी रागाने लिहिलेल्या पत्राचं ते वजन तिला एकदम दिसलं, तराजूचं पारडं खाली बसताना दिसलं, आणि तिला हसू फुटलं. मोठ्याने, आधी काहीही न ठरवता, आजवर कधी आलं नव्हतं तसं वेळेवर. मुद्रिकेवरची मुलगी दीड मात्रेत गाऊन पुढे निघाली, तिच्यामागे सव्वीसजण धावले. खुर्चीतल्या आईने तोंड उघडलं होतं, श्वास भरून घेतला होता, पण ती गायली नाही. मुलीच्या हसण्याकडे मान कलती करून ती थांबली, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन ते परत येईपर्यंत थांबली, आणि ते विरत आल्यावर, बरोबर तिथे, तिने दार उघडायला सांगितलं.